वाटेवरचा जोंधळा

मी शिकवायला लागले तेव्हा वयानं वीस वर्षांची होते आणि अकलेनं बारा. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाशी कडाकडा भांडले असते, कारण माझ्याकडे ट्रेनिंग पास झाल्याचा कागद होता. तो मी पेटीच्या तळाशी ठेवला होता आणि दर आठवड्याला काढून बघत होते, अक्षरं उडून तर गेली नाहीत ना म्हणून.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. पोरी शिकल्या पाहिजेत असं दरबारचं म्हणणं होतं, आणि आमच्या मिशननंही कसबा बावड्याच्या वाटेवर, जिथं घरं संपून शेतं लागतात तिथं, मुलींची एक कौलारू शाळा काढली होती. तिथं मला नेमलं ते सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिने झाले की मिशनच्या मिससाहेब येणार, माझा एक पाठ बसून बघणार आणि ठरवणार. पसंत पडले तर कायम. नाही पडले तर मी जिथं वाढले त्या अनाथाश्रमात परत, शिवणखोलीत, फाटक्या मोज्यांच्या ढिगापुढं. शिवण आणि माझं कधीच जमलं नाही. आश्रमात मी शिवलेल्या एका झबल्याला दोन्ही बाह्या एकाच बाजूला आल्या होत्या, आणि ते झबलं पुढं कित्येक वर्षं नव्या पोरींना ‘असं करायचं नाही’ म्हणून दाखवायला जपून ठेवलं होतं. तेव्हा काही झालं तरी पास व्हायचंच, असं मी ठरवून टाकलं.

पास होण्याची किल्ली माझ्या मते टिपणवहीत होती. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, की ख्रिस्ती बाईनं शास्त्राचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, एक तास घेऊन हात झटकू नयेत. कणकेत मीठ घालावं तसं प्रत्येक धड्यात शास्त्र घालावं. त्यासाठी वहीत एक रकानाच आखलेला असे, ‘शास्त्रसंबंध’ नावाचा. बाकीच्या बाया तो आठवड्यातून दोनदा भरत. मी प्रत्येक तासाला भरत होते. भूगोलात पंचगंगा आली की मी तिला ओढत शास्त्रातल्या यार्देन नदीपर्यंत नेत असे. शिवणाच्या तासाला बापाच्या लाडक्या मुलाचा रंगीबेरंगी झगा, आरोग्याच्या तासाला नदीत सात बुड्या मारून बरा झालेला महारोगी सेनापती, बाराच्या पाढ्याला बारा शिष्य. तिथं मात्र माझी पंचाईत झाली. बारातला एक पुढं फितूर झाला हे पोरींना कळलं, आणि त्यांनी आठवडाभर ‘बारा एके अकरा’ असंच म्हटलं.

पोरी वीस-पंचवीस होत्या, बहुतेक बावड्याच्या शेतकऱ्यांच्या. पहिल्या रांगेत बसायची ती मात्र नालबंदाची. तिचा बाप दरबारच्या पागेतल्या घोड्यांना नाल ठोकायचा, आणि एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर राजेरजवाड्यांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, अशी तिची समजूत होती. पूर्वेकडचे राजे उंटांवर बसून बाळाच्या दर्शनाला आले, असं मी एकदा रंगात येऊन सांगत होते, तर ही मध्येच म्हणाली,

“उंटावरनं? हत्ती न्हवता व्हय त्येंच्याकडं?”

“नव्हता.”

“मग कसलं राजं वो बाई ते!”

सगळा वर्ग हळहळला. त्या राजांची अब्रू आमच्या शाळेत पुन्हा कधी वर आली नाही. मोठ्या माशानं माणूस गिळला म्हणून सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, “रंकाळ्यात मावंल काय त्यो?” जलप्रलय सांगितला, तर दरसाल पंचगंगेचा पूर बघणाऱ्या पोरी म्हणाल्या, “माशांची तर चैनच झाली असंल की बाई!” ट्रेनिंगच्या सगळ्या वह्या मी चाळल्या. माशांबद्दल कुणी काही लिहून दिलं नव्हतं.

मला राग लवकर येतो. तेव्हा तर फारच लवकर यायचा. पोरी मुद्दाम करतात अशी माझी खात्री झाली होती, आणि त्यावर कडी झाली ती पेरणाऱ्याच्या दृष्टांताला.

गोष्ट साधी. एक माणूस पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. काही खडकाळ जागी पडलं, ते उगवलं पण उन्हानं करपलं. काही काट्यांत पडलं, ते काट्यांनी वाढू दिलं नाही. आणि काही चांगल्या जमिनीत पडलं, त्याला भरघोस कणसं आली. मी शेतीच्या धड्याला ही गोष्ट जोडली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शेतकऱ्यांच्या पोरींना शेताची गोष्ट! याहून चांगला शास्त्रसंबंध कुठं मिळणार?

“बाई, त्यो पेरत हुता का फेकत हुता?” एकीनं विचारलं.

“मुठीनं फेकूनच पेरत होता.”

“कुरी न्हवती त्येच्याकडं?”

कुरी म्हणजे बैलांच्या मागं जोडायचं पेरणीचं औत. वर लाकडी चाडं असतं, त्यात बाईनं मुठीमुठीनं बी सोडत जायचं, आणि ते नळ्यांतून थेट मातीत पडायचं. वाटेवर एक दाणा सांडत नाही. हे मला आता कळतं. तेव्हा मी आश्रमात वाढलेली. जोंधळा मला फक्त भाकरीच्या रूपात भेटलेला.

“नव्हती,” मी म्हटलं.

“मग चाड्यावर कोन हुतं? त्येची बायकू कुटं गेलती?”

“बायकोचा उल्लेख नाही.”

“तरीच!” सगळ्या वर्गाला एकदम उलगडा झाला. बाईमाणूस बरोबर नसल्यावर पुरुष बियाणं रस्त्यावर सांडत सुटणार नाही तर काय करणार? एक म्हणाली, “आमच्या आज्यानं बगितलं असतं तर बांधावरनंच हाकलला असता त्येला.”

मी टेबलावर छडी आपटली. हा दृष्टांत आहे, मी म्हटलं. बी म्हणजे देवाचं वचन, जमीन म्हणजे माणसाचं मन, आणि मनं चार प्रकारची असतात. पोरींनी ऐकून घेतलं, पण बियाणं वाया गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावरून गेलं नाही. काहीच न बोललेली एकच होती, कोपऱ्यातली. नऊ-दहा वर्षांची, बावड्याची, तेल न लावलेल्या केसांची. हजेरीला ‘हजर’ म्हणायची आणि मग सुटीपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसायची. पाच महिन्यांत तिचा दुसरा शब्द मी ऐकला नव्हता.

त्या दिवशी रागाच्या भरात मी एक उद्योग केला. टिपणवहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या पोरींची नावं लिहिली आणि प्रत्येकीपुढं तिची जमीन लिहिली. ‘वा’ म्हणजे वाट, ‘ख’ खडक, ‘का’ काटे, ‘चां’ चांगली. नालबंदाच्या पोरीला ‘का’ दिला, कारण तिच्या प्रश्नांत माझे सगळे धडे गुदमरून मरत होते. कोपऱ्यातलीला ‘वा’. तिच्यात एक अक्षर रुजलेलं मला दिसलं नव्हतं. ‘चां’ फक्त दोघी निघाल्या, आणि त्या दोघी मला घरून लिंबं आणून द्यायच्या. मी स्वतःला कुठं धरत होते हे सांगायला नकोच. शेणखत घातलेल्या, उत्तम नांगरलेल्या जमिनीत.

दिवाळी झाली आणि पाहणीला महिना उरला. तेव्हा मला ती नामी कल्पना सुचली. तोंडानं सांगून पोरी ऐकत नाहीत ना, मग डोळ्यांना दाखवू. वस्तुपाठ घेऊ! शाळेच्या मागच्या दारातून विहिरीकडं एक पायवाट जायची. त्या वाटेचाच एक तुकडा मी चुन्यानं आखला आणि शेजारी तीन वाफे केले. एकात दगडगोटे पसरले, एकात हराळी आणि रिंगणीचे काटे तसेच ठेवले, एकात शेणखत घालून माती मऊ केली. मग सगळ्या वर्गादेखत चारी ठिकाणी मुठीनं जोंधळा फेकला. फेकताना कोपऱ्यातली चेहरा असा करून बघत होती, जणू मी ताटातली भाकरी उकिरड्यावर टाकत होते.

“कुणी हात लावायचा नाही,” मी सांगितलं. “पाणी मीच घालीन, चारी ठिकाणी सारखं.”

आणि काय सांगू, शास्त्र अगदी शब्दाला शब्द खरं व्हायला लागलं. पहिल्याच सकाळी वाटेवर चिमण्या उतरल्या. पोरी सवयीनं ‘हाऽऽ हो’ करत धावल्या, तर मी ओरडले, “हाकलू नका! खाऊ द्या!” चालता यायला लागल्यापासून रानात पाखरं हाकलायला बसवलेल्या पोरी त्या. बाईंना ऊन लागलं की काय अशा नजरेनं त्या माझ्याकडं बघायला लागल्या. कोपऱ्यातलीनं तर खिडकी सोडून पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला ते आवडलं नाही, पण माझं लक्ष चिमण्यांकडं होतं. दोन आठवड्यांत दगडांतली रोपं पिवळी पडली, हराळीतली दिसेनाशी झाली, आणि चांगल्या वाफ्यात हिरवीगार रोपं डोलायला लागली. मी इतकी खूष होते की शिवणखोली मला स्वप्नातसुद्धा दिसेनाशी झाली.

मग मला हिवतापानं गाठलं. बारा दिवस मी मिशनच्या बोर्डिंगातल्या माझ्या खोलीत गोधडीखाली कुडकुडत पडले. शाळा दुसऱ्या बाई सांभाळत होत्या; त्यांना त्या चार जागांचं काही सांगायचं राहूनच गेलं. तेराव्या दिवशी पाहणी. मी उठले, भिंत धरून लुगडं नेसले आणि शाळेत पोचले तर मिससाहेबांचा टांगा फाटकात उभा. मागच्या आवारात एक नजर टाकून यायलाही सवड मिळाली नाही.

मिससाहेब उंच, पिकल्या केसांच्या, पोथीतल्यासारखं शुद्ध मराठी बोलणाऱ्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि मी सुरू झाले. गोष्ट सांगितली, फळ्यावर चार चौकोन काढले, अर्थ फोड करून सांगितला. माझा आवाज तापानं कापत होता, पण वर्गात कुणी हू की चू केलं नाही. कुरी नाही, बायको नाही, आजा नाही. नालबंदाची पोर तर हाताची घडी घालून बसली होती. मला तिथंच संशय यायला हवा होता.

“आता हे वचन आपण प्रत्यक्ष पाहू,” मी म्हटलं आणि वरात निघावी तशी सगळ्यांना मागच्या दारातून बाहेर नेलं. मी पुढं, मिससाहेबांकडं तोंड करून उलटी चालत. “ही पाहा वाट,” छडी मागं रोखून मी म्हणाले, “हिच्यावर पडलेलं बी पाखरांनी खाल्लं. इथं काहीही उगवलेलं नाही.”

मिससाहेबांनी चष्मा सारखा केला. “बाई,” त्या म्हणाल्या, “मला तर चारही ठिकाणी पीक दिसते. हा माझ्या डोळ्यांचा दोष आहे काय?”

मी वळले. चुन्याच्या चौकोनातली वाट खणलेली होती, ओली होती, आणि तिच्यावर बोट-दोन बोटं उंचीचा जोंधळा एका ओळीत उभा होता. ओळीत! दगडांच्या वाफ्यातले दगड काढून कडेनं नीट बांध घातलेला. काट्यांचा वाफा चक्क खुरपलेला. आणि माझा चांगला वाफा, माझी आशा, तो मात्र विरळ झालेला. त्यातलं शेणखत आणि थोडी रोपं काढून बाकीच्या तिघांना वाटली होती. वाटेवर एका काठीला जुनं फडकं बांधून बुजगावणंसुद्धा उभं केलं होतं.

मोज्यांचा ढीग डोळ्यांपुढं उभा राहिला, आणि मिससाहेब शेजारी आहेत हे विसरून मी किंचाळले, “कुणी केला हा आगाऊपणा?”

“समद्यांनी मिळून, बाई,” नालबंदाची म्हणाली. “पर सुरुवात हिनं केली.” आणि तिनं कोपऱ्यातलीला पुढं ढकललं.

“तुमी आजारी पडला,” कोपऱ्यातली म्हणाली. तिचा आवाज खरखरीत होता, एखाद्या वयस्क बाईसारखा. “आन् ह्यास्नी बगाय कोनच न्हवतं.”

“अगं, पण वाटेवरचं उगवायचं नसतं! गोष्ट सांगितली होती ना मी?”

“सांगितली की. ध्येनात हाय.” आणि तिनं ती सगळी गोष्ट सांगितली. वाट, पाखरं, खडक, ऊन, काटे, कणसं, एकही जागा न चुकता, क्रमानं. मनाचा अर्थसुद्धा. वर्गातल्या माझ्या दोन्ही लिंबूवाल्यांना ते जमलं नसतं. मग ती थांबली आणि म्हणाली, “पर बाई, बी काय आपल्या पायानं वाटंवर गेलं न्हवतं. तुमच्याच मुठीतनं पडल्यालं. आन् वाट बी काय जल्माची वाट न्हाय. आमीच रोज तुडवून घट्ट केली तिला. मग आमी दुसऱ्या अंगानं पाण्याला जायाला लागलो. खणलं, पाखरांनी ठिवल्यालं दानं वळीनं लावलं, वल केली, आलं उगवून. त्यात काय एवडं!”

“आणि चांगल्या वाफ्यातले खत का काढलेस?” मिससाहेबांनी विचारलं.

“त्येला लई हुतं.”

मला रागवायचं होतं, पण आठवलं ते भलतंच. आश्रमाच्या दप्तरात माझ्या नावापुढं आईबापाची जागा कोरी आहे. तिथं एकच ओळ लिहिली आहे, मोठ्या दुष्काळात वाटेवर सापडली. मी चार-पाच वर्षांची असेन. शास्त्र सांगत गावोगाव फिरणारी एक बाई त्या वाटेनं चालली होती. तिनं मला तांब्यातलं पाणी पाजलं आणि काखेला मारून चार कोस आणलं. त्या वाटेवर लोकांची रीघ लागली होती, आणि आणखी कितीजण तसे पडले होते ते मला माहीत नाही. ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. पेरणाऱ्याचा दृष्टांत तर तोंडपाठ होता. पण वाटेवरचं बी म्हणजे मी, हे वीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि ह्याच पोरीपुढं मी ‘वा’ लिहून ठेवला होता. मला लाज वाटली. इतकी लाज वाटली की मी पोरींसमोर, मिससाहेबांसमोर, पदर तोंडाला लावून रडले.

पोरी घाबरल्या. “बाई, रडू नगासा,” नालबंदाची म्हणाली. “उपटून टाकतो की समदं!”

“खबरदार!” मी रडता रडता ओरडले.

मिससाहेबांनी वाकून वाटेवरचं एक कललेलं रोप बोटानं सरळ केलं. मग म्हणाल्या, “बाई, हा पाठ तुम्हाला पुन्हा घ्यावा लागेल.”

झालं, मी मनात म्हटलं. सुई-दोरा.

“पुढील वर्षी,” त्या म्हणाल्या. “ह्याच मुलींना घेऊन. आणि त्या वेळी आधी त्यांचे ऐका.” मग त्यांना विहीर बघायची होती, तर त्या चुन्याच्या चौकोनाला वळसा घालून, पोरींनी पाडलेल्या नव्या वाटेनं, झगा उचलून धरत गेल्या.

खोलीवर येऊन मी टिपणवहीचं शेवटचं पान फाडलं आणि चुलीत घातलं. त्या दिवसाचा शास्त्रसंबंधाचा रकाना मात्र कोराच राहिला. काय लिहावं ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही. कोपऱ्यातली त्यानंतरही फार बोलकी झाली नाही. पण खिडकीतून ती काय बघत असायची ते मला कळलं. तिथून ती विहिरीची वाट दिसायची.

मी त्या शाळेत म्हातारी झाले. जोंधळ्याचा हुरडा पोरींनी कधीच खाऊन टाकला, चुना पावसानं धुतला, वाफे सपाट झाले. पण मागच्या दारातून निघालेली वाट अजून मध्येच बाक घेते आणि मग विहिरीला जाते. नव्यानं आलेल्या बाई पहिल्याच दिवशी विचारतात, इथं सरळ का नाही जायचं?

“तिथं जोंधळा होता,” मी सांगते.

“आता तर काही नाही, बाई.”

“नसू दे. वळून जा.”